नऊ जणांचा एक आवाज

नऊ मुलांचा आवाज एकाच माणसाचा आहे, असं त्या मेलमध्ये लिहिलं होतं. हत्तुरे सरांनी चष्मा काढून पुसला, परत लावला, मोबाइल खिडकीच्या उजेडात धरला आणि पुन्हा वाचलं. इंग्रजी सोपंच होतं, अर्थाला दुसरीकडे पळायला जागा नव्हती. गेल्या चौदा महिन्यांत सोलापुरातून घरी बसून इंग्रजी बोलण्याची परीक्षा दिलेल्या नऊ उमेदवारांची ध्वनिमुद्रणं आमच्या यंत्रणेने एकमेकांशी ताडून पाहिली. शब्द वेगळे, पट्टी वेगळी, काही आवाज बायकांचे, काही पुरुषांचे, पण बोलण्याची चाल एकच. तेव्हा आवाज बदलून एकाच व्यक्तीने नऊ जणांची परीक्षा दिली असावी असा संशय आहे. निकाल रोखले आहेत. सृष्टी शिवशरण यांची सुनावणी शुक्रवारी दुपारी तीन वाजता, ऑनलाइन. नऊही अर्जांत ‘कुठे शिकलात’ या रकान्यात एकाच शिक्षकाचं नाव आहे, त्यांनी सोबत बसायला हरकत नाही. मेल सृष्टीला आला होता, मोबाइलही तिचाच. ती वर्गाच्या दारात उभी होती, दवाखान्यातली ड्यूटी अर्धी टाकून आलेली, चपलाही न काढता. लीड्समधल्या एका इस्पितळात तिची नर्सची जागा महिनाअखेरपर्यंत राखून ठेवलेली होती. निकाल आला नाही तर यादीतली पुढची पोरगी जाणार. “सर, मीच दिलीय परीक्षा. आईशप्पथ मीच,” ती म्हणाली. सरांना आधी हसू आलं. मग तो संशयातला एक माणूस म्हणजे आपणच, हे त्यांच्या ध्यानात आलं आणि हसू गालातच राहिलं.

मल्लिनाथ हत्तुरे या माणसाला सोलापुरात कुणी काहीही म्हटलं असतं तरी त्याने ऐकून घेतलं असतं. कंजूष म्हणा, तऱ्हेवाईक म्हणा, पोरांच्या अंगावर ओरडतो म्हणा. पण खोटा आवाज म्हणायचं नाही. सत्तावीस वर्षं सात रस्त्याजवळच्या औषधाच्या दुकानावरच्या या खोलीत त्यांनी दुसरं काही केलंच नव्हतं, आवाज खरा करण्याचंच काम केलं होतं. कन्नड घरातून आलेली पोरं ‘एग’ला ‘येग’ म्हणत, ‘ओन्ली’ला ‘वोन्ली’ म्हणत. तालुक्यातून आलेली शाळेला ‘इस्कूल’ म्हणत. सर त्यांच्या ओठांसमोर कागदाची पट्टी धरत. ‘पेन’ म्हटलं आणि श्वासाच्या झोताने पट्टी हलली तर साहेब, नाही हलली तर सोलापूर. वर्गात पुस्तक उघडायला बंदी. डोळ्यांनी शिकलेलं इंग्रजी जिभेवर उतरत नाही असं त्यांचं मत होतं, आणि मत एकदा झालं की ते बदलायची त्यांना सवय नव्हती. सर वाक्य म्हणणार, पोरांनी मागून म्हणायचं. शंभरदा म्हणायचं, डोळे मिटून म्हणायचं. ते स्वतः असेच शिकले होते. कॉलेजच्या ग्रंथालयात चार कॅसेटी होत्या, त्यात कुणी एक इंग्रज गृहस्थ सावकाश, सुपारी कातरल्यासारखं एकेक वाक्य तोडून बोलत असे. दोन वर्षं रोज दुपारी होस्टेलच्या खोलीतल्या मुलांची थट्टा सोसत मल्लिनाथने त्या गृहस्थाला कानात भरून घेतलं. दुधनीहून आलेल्या पोराच्या तोंडून दुधनी पुसून काढायची होती. ती पुसली गेली, असं लोक म्हणत. आकाशवाणीच्या एका कार्यक्रमात बोलून आल्यावर एक प्राचार्य म्हणाले होते, हत्तुरे, तुम्ही कुठले ते बोलण्यावरून कळतच नाही. एवढा मोठा मान त्यांना आयुष्यात दुसरा मिळाला नव्हता.

अलीकडे मात्र पोरांना अमेरिका पाहिजे झाली होती. मोबाइलवर दिवसभर अमेरिकन ऐकणारी ही पिढी वर्गात येऊन ‘वॉटर’ला ‘वॉडर’ म्हणे आणि सरांच्या कपाळाची शीर तट्ट फुगे. ‘शेड्यूल’ की ‘स्केड्यूल’ यावर एकदा पाऊण तास वाद झाला. शेवटी पोरं कमी व्हायला लागल्यावर पाटीवर ‘शुद्ध ब्रिटिश उच्चार’ याच्याखाली बारीक अक्षरात ‘अमेरिकनही’ असं रंगवून घ्यावं लागलं, आणि संध्याकाळच्या बॅचला सर स्वतःच जीभ मागे वळवून तो गोल गोल र म्हणू लागले. म्हणताना चेहरा असा की कुणी कडू काढा पाजतंय. तरी त्यातही त्यांनी कसूर केली नाही. सकाळी इंग्लंड, संध्याकाळी अमेरिका; दोन्हीकडची पोरं परीक्षा पास होत होती. आणि आता मेल म्हणत होता की सकाळची पाच आणि संध्याकाळची चार, वरचे शब्द इकडचे असोत की तिकडचे, खालची चाल एक. कुठली चाल? सरांना खरंच कळेना. त्यांनी सृष्टीला सांगितलं, “यंत्राचं डोकं फिरलंय. तू घाबरू नकोस.” ती म्हणाली, “सर, मेलसोबत त्यांनी तुकडे पाठवलेत. नऊ तुकडे. तुम्ही एकदा ऐका ना.” आणि तिने ते सरांच्या मोबाइलवर पाठवून दिले.

घरी जेवणं झाल्यावर बायको आडवी झाली तेव्हा सर तिच्या कानातल्या वायरी घेऊन गॅलरीत बसले. ऊन मी म्हणत होतं, समोरच्या गच्चीवर कुणीतरी धुतलेल्या चादरी वाळत घातल्या होत्या. पहिला तुकडा माउली नावाच्या टेंभुर्णीच्या मुलाचा. सरांनी सवयीने चुका टिपल्या. दुसरा राजश्रीचा, र छान. तिसऱ्यात कुणी आपल्या गावच्या बाजाराविषयी सांगत होतं, कांदे, मिरच्या आणि ज्वारी. चौथा लागला आणि त्यांच्या मानेवर काटा आला. का आला ते कळेना. पुन्हा लावला. शब्द ऐकणं सोडून दिलं, जसं आपण ओळखीचा माणूस पाठमोरा चालताना बघतो तसं नुसतं बोलण्याचं चालणं ऐकलं. तीन गोष्टी सांगायच्या झाल्या की पहिली सरळ फेकायची, दुसरी जरा खाली, दम घेतल्यासारखी, आणि तिसरी उचलून वर धरायची, खाली टाकायचीच नाही. इंग्रज तिसरी खाली ठेवतो. अमेरिकनही ठेवतो. कॅसेटीतला तो गृहस्थ तर अशी ठेवायचा की वाक्याचं दार लागल्याचा आवाज यावा. पण ही नऊ पोरं, एकामागून एक, दार उघडंच ठेवत होती. सर पाचवा ऐकत होते, सहावा ऐकत होते. सातव्यात सृष्टी होती. ‘वी नीड क्लीन टॉवेल्स, वॉर्म वॉटर, अँड अ क्वाएट रूऽम.’ मैंदर्गी, दुधनी, गाणगापूऽर. सरांनी कानातल्या वायरी ओढून काढल्या. त्या पोरीच्या तोंडून त्यांचा बाप बोलत होता.

धोंडप्पा हत्तुरे अक्कलकोटच्या स्टँडबाहेर वडापच्या जीपसाठी पुकारा करायचे. एकतीस वर्षं. जीप भरली की सुटायची आणि ती भरेपर्यंत गावांची नावं ओरडत राहायची, एवढंच काम. डोक्याला पटका, गळ्यात लिंग, तोंडात पान, आणि आवाज असा की पलीकडच्या हॉटेलात भजी खाणारा माणूस अर्धी बशी टाकून उठे. ‘मैंदर्गी, दुधनी, गाणगापूऽर! बर्री, बर्री!’ म्हणजे कानडीत या, या. लहानपणी मल्लिनाथने एकदा विचारलं होतं, शेवटचं गाव एवढं का ताणता? तर म्हणाले होते, “आरं, लांबनं एकांदी बाई पळत येत असती. नाव खाली टाकलं की तिला वाटतंय गाडी गेली. वर धरलं की वाटतंय, हाय अजून, घावतीय.” पोराला तेव्हा ते पटलं होतं. पुढे कॉलेजात आल्यावर पटेनासं झालं. वडील काय करतात विचारलं की तो ‘ट्रान्सपोर्टमध्ये’ म्हणायचा, आणि सुट्टीला गावी जाताना अक्कलकोटला स्टँडच्या मागच्या फाटकाने उतरून पुढची गाडी धरायचा, म्हणजे मित्रांदेखत तो आवाज कानावर पडू नये. धोंडप्पांना जाऊन एकोणीस वर्षं झाली. आवाज कुठे धरून ठेवलेला नाही. लग्नातल्या एका फोटोत ते आहेत, तेही पानाने गाल फुगलेला, तोंड मिटलेलं. हे सगळं सरांना ठाऊक होतं. नव्हतं ठाऊक ते एवढंच की आपण ज्याला चुकवून मागच्या फाटकाने निघालो तो माणूस आपल्या घशात बसूनच सोलापूरला आला होता, आणि सत्तावीस वर्षं आपल्याआधी वर्गात जाऊन उभा राहत होता. त्यांना रडू येईल असं वाटलं, आलं नाही. बायको, महेश्वरी, उठून बाहेर आली, त्यांचा चेहरा पाहून माहेरच्या कानडीत दचकून म्हणाली, “याकरी, एनातरी?” काय झालं ते कोणत्या भाषेत सांगावं हे सरांना सुचेना. ते म्हणाले, “पाणी दे.”

संध्याकाळी सृष्टीचे वडील आले. त्यांचं नाव नागनाथ; चिंचोळी एमआयडीसीत कामाला, अंगावर कंपनीचा निळा शर्ट, हातात डबा तसाच. खुर्चीवर बसा म्हटलं तरी बाकाच्या टोकाला टेकले. “सर, मला विंग्रजी कळत न्हाय,” ते म्हणाले, “पण पोरगी लबाड न्हाय एवढं कळतंय. तिनं माज्यासमोर दिली परीक्षा. मी तितं भिंतीला टेकून बसलोतो, पंखा बंद करून, आवाज नको म्हनून.” सर म्हणाले, ठाऊक आहे मला. “मग तुमी त्यास्नी सांगा की. ही समदी एकावानी का बोलत्यात ते तुमाला ठावं असंल.” सरांना ठावं होतं, दुपारपासून होतं. सांगायचं म्हणजे काय सांगायचं? की यांना मी शिकवलं, आणि जे शिकवलं ते ना लंडनचं ना न्यूयॉर्कचं, ते अक्कलकोट स्टँडचं आहे? पाटी उतरवायला लागेल. शेजारच्या गल्लीतला क्लासवाला पेढे वाटेल. आणि नाही सांगितलं तर ही पोरगी जन्मभर लबाडी करणारी ठरेल. नागनाथ उठले. दारात थांबून म्हणाले, “तिची आई म्हनत हुती, सरांवर सोड. सोडलंय बगा.” ते जिना उतरेपर्यंत सर उभेच होते, आणि त्यांना स्वतःची लाज वाटत होती, कारण एवढं ऐकूनही मनात पहिला विचार पाटीचाच आला होता.

गुरुवारी त्यांनी दोन्ही बॅचना सुट्टी दिली आणि रिकाम्या वर्गात बसून राहिले. मोठ्याने बोलून बघावं, ऐकावं, पण तोंड उघडवेना. आपल्या तोंडाची भीती वाटावी असा प्रकार त्यांनी ऐकला नव्हता. डोळे शेवटच्या बाकावर गेले आणि तिथे जे बसलं होतं ते इतकं स्पष्ट होतं की त्यांनी मान फिरवली. तेव्हा क्लास सुरू होऊन वर्षही झालं नव्हतं. धोंडप्पा डोळ्यांच्या तपासणीला सोलापूरला आले होते आणि न सांगता वर येऊन शेवटच्या बाकावर बसले. तासभर. पटका मांडीवर, डोळे मिटलेले, मान हलते आहे. सर घामाने निथळत होते, पोरांना कळू नये म्हणून बापाकडे बघतच नव्हते. तास संपला, पोरं गेली, तेव्हा म्हातारा पुढे आला आणि म्हणाला, “लई ग्वाड पुकारतोस की रं. गाडी भरंल तुजी.” सरांना तो अपमान वाटला होता. साहेबाच्या भाषेला हा अडाणी माणूस पुकारा म्हणतो! ते फटकन बोलले होते, “अप्पा, हे तुम्हाला कळायचं नाही.” धोंडप्पा हसले होते, पटका बांधून जिना उतरले होते. आता, त्या रिकाम्या बाकासमोर, हत्तुरे सरांना कळलं की त्या दिवशी त्या खोलीत कळणारा माणूस एकच होता. तो ओळखून गेला होता. आनंदाने गेला होता. आणि आपण त्याला म्हणालो, तुम्हाला कळायचं नाही. सरांनी कपाळ टेबलावर टेकलं आणि बराच वेळ उचललं नाही.

शुक्रवारी तीन वाजता वर्गात सृष्टीच्या लॅपटॉपवर दोन माणसं उमटली. एक गोरी बाई, पन्नाशीची, इंग्लंडातल्या कुठल्याशा खोलीत. आणि एक अमेरिकन तरुण, जो मध्येमध्ये काहीतरी खात होता. बाई सौजन्याने बोलत होत्या. सरांनी सगळं सांगायचं ठरवलं होतं आणि सांगितलंही: ही चाल माझी आहे, मुलं माझ्यामागून म्हणतात म्हणून त्यांच्यात उतरली. बाईंनी लिहून घेतलं. मग म्हणाल्या, तर सृष्टीने परीक्षेत वाचलेला उतारा आपण वाचून दाखवाल का? सरांनी घसा साफ केला. आणि गंमत अशी, गंमत म्हणायची तर, की समोर खरीखुरी इंग्रज बाई ऐकते आहे म्हटल्यावर त्यांच्या जिभेने आपणहून इस्त्रीचे कपडे घातले. कॅसेटीतला तो गृहस्थ तोंडात येऊन उभा राहिला. टॉवेल्स, वॉटर, रूम. रूम अशी खाली ठेवली गेली की वाक्याचं दार लागल्याचा आवाज आला. उतारा संपला. अमेरिकन तरुण पडद्याकडे बघत म्हणाला, जुळत नाही, जवळपाससुद्धा नाही. बाई हळूच म्हणाल्या, तुमचे उच्चार उत्तम आहेत, मिस्टर हत्तुरे, पण त्या नऊ ध्वनिमुद्रणांशी त्यांचा काही संबंध दिसत नाही.

आयुष्यभर ज्यासाठी जीव टाकला ते वाक्य एका इंग्रज बाईच्या तोंडून ऐकायला मिळालं, आणि त्याच वाक्याने सृष्टी बुडाली. सरांनी परत वाचलं. परत तसंच. तिसऱ्यांदा मुद्दाम शेवट वर न्यायला गेले तर नाटकातल्यासारखा वाकडातिकडा गेला, त्यांचं त्यांनाच हसू यावं असा. बाप बोलवून येत नव्हता. “आय कॅन डू इट, प्लीज,” असं ते म्हणाले तेही कॅसेटीसारखंच. बाईंनी घड्याळाकडे पाहिलं. मग सृष्टीला म्हणाल्या, तू वाचतेस का, निदान आमच्यासमोर? सृष्टी वाचायला लागली आणि तिचा आवाज फुटला. ‘टॉवेल्स’ घशात अडकलं, ‘वॉटर’चं भीतीने ‘वाटर’ झालं, खांदे कानाला लागले, डोळे भरले. ती थांबली. पुन्हा सुरू केलं, पुन्हा थांबली. तिच्या ओठांकडे बघणाऱ्या सरांना पडद्यावरची बाई दिसेनाशी झाली, तरुण दिसेनासा झाला. समोर एक पोरगी होती आणि तिचं वाक्य निसटत होतं, लांबून धावत येणाऱ्या माणसाची गाडी सुटावी तसं.

“सृष्टी, खांदे खाली. श्वास घे. माझ्यामागून म्हण,” सर म्हणाले, आणि टेबलावर बोटाने ठोका धरला. “वी नीड क्लीन टॉवेल्स.” तिने म्हटलं. “वॉर्म वॉटर.” तिने म्हटलं. “अँड अ क्वाएट रूऽम.” तिने डोळे मिटून म्हटलं, आवाज सरळ झाला. “पुन्हा. टॉवेल्स, वॉटर, रूऽम. वर धर, टाकू नकोस, वर धर.” तिने वर धरला. दोघं म्हणत गेले, एकामागून एक, पुढचं वाक्य, त्याच्या पुढचं. औषधं, पाणी, पांघरूण. आज, उद्या, परवा. सरांचा आवाज मोठा होत गेला, खालच्या दुकानातल्या माणसाने वर पाहिलं असेल. त्यांना स्वतःला ऐकू येत होतं, पहिल्यांदाच, जिवंत, आपल्याच तोंडातून. त्यांना भीती वाटत होती आणि थांबायचं नव्हतं. शेवटी बाई मोठ्याने म्हणाल्या, पुरे, पुरे, मिस्टर हत्तुरे, थँक यू. तरुणाने खाणं बाजूला ठेवलं होतं. त्याने दोन वेळा पडद्यावर काहीतरी ताडून पाहिलं, मग मान वर न करता तो म्हणाला, हेच आहे. नऊही ध्वनिमुद्रणांत हेच.

निकाल सोमवारी खुले होतील, नऊही जणांचे, असं बाईंनी सांगितलं, आणि सृष्टी तोंडावर ओढणी दाबून खाली वाकली. फक्त एक औपचारिकता, बाई म्हणाल्या. अहवालात रकाना आहे, या उच्चारांचा उगम काय लिहायचा? ब्रिटिश म्हणू, की अमेरिकन, की नुसतं भारतीय? सरांना पाटी आठवली, पण ती फार लांब कुठेतरी, दुसऱ्याच्या दुकानावर असल्यासारखी वाटली. मग तीस वर्षांत चार माणसांसमोर न घेतलेलं नाव त्यांनी घेतलं. लिहा, धोंडप्पा हत्तुरे, ते म्हणाले. माझे वडील. बाईंनी पेन उचललं, ओठ जुळवले आणि म्हटलं, “डोंडापा.”

“नो, मॅडम,” हत्तुरे सर म्हणाले. त्यांनी डोळे पुसले नाहीत. वहीतल्या कोऱ्या पानाची पट्टी फाडून कॅमेऱ्यासमोर आपल्या ओठांपाशी धरली. “धों. धोंडप्पा. माझ्यामागून म्हणा.”

बाईंनी पुन्हा म्हटलं. पुन्हा चुकलं. सर म्हणाले, “वन्स मोअर.”